चोपन्न आरांचं गणित

सिव्हिलच्या विद्यार्थ्याला गावाकडे दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "नोकरी कधी लागणार?" आणि दुसरा, "आमच्या घराचा प्लॅन काढून देतोस का?" पहिल्या प्रश्नाला आपण सगळेच सराईतपणे बगल देतो. दुसऱ्याला मात्र मी थर्ड इयरच्या दिवाळीत छाती फुगवून "हो" म्हणालो आणि फसलो. त्या फसण्यातून जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण होस्टेलमधल्या निम्म्या पोरांच्या घरी आज ना उद्या हाच विषय निघणार आहे. कुठल्याही सेमिस्टरला तो नाही, आणि निदान माझ्या तरी सर्व्हेईंगच्या जर्नलमध्ये नव्हता.

आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं. आजोबा गेल्या वर्षी गेले, आजी त्याआधीच. मागे राहिली तीन भावंडं: आत्या सगळ्यात मोठी, मग अण्णा म्हणजे माझे वडील, आणि धाकटे तात्या. जमीन एकाच गटात, ५४ आर. गावठाणात एक जुनं घर, त्यात अण्णा-तात्यांचे दोन संसार आणि एकच मोरी. तात्यांच्या पोराचं लग्न ठरत आलेलं. तात्यांचं म्हणणं, शेतात आपल्या वाट्यात दोन खोल्या काढतो, म्हणजे कुणाची कटकट नाही. अण्णांचं म्हणणं, आधी वाटणी, मग खोल्या. आत्या काहीच म्हणत नव्हती, आणि तेच सगळ्यांना टोचत होतं.

मी रात्रभर जागून ऑटोकॅडमध्ये नकाशा काढला. तीन समान पट्टे, प्रत्येक पट्ट्यात रस्त्याच्या बाजूला एक टुमदार घर, मधून तीन मीटरचा रस्ता, कडेला झाडंसुद्धा. झाडांचे ब्लॉक फुकट मिळतात ना! तात्या खूश. दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन आम्ही तलाठ्यांकडे. २०२४ पासून या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात आणि हाक मारतात भाऊसाहेब. भाऊसाहेबांनी प्रिंट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "काय इंजिनिअर, नकाशा एक नंबर आहे. फक्त यातली एकही रेघ मला कागदावर ओढता येणार नाही."

का, ते सांगतो. पण त्याआधी एककं, कारण अर्धी भांडणं तिथेच होतात.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, शंभर आरांचा एक हेक्टर. लोक मात्र बोलतात गुंठ्यात. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. हा ३३ आला कुठून? आपल्या सर्व्हेईंगच्या पुस्तकातली गंटर साखळी ६६ फुटांची, तिची अर्धी. ४० गुंठ्यांचा एकर. मीटरमध्ये गुंठा येतो १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे आर आणि गुंठा यांत सव्वा टक्क्याच्या आतबाहेरचा फरक. बोलताना तो सोडून दिला तरी चालतो, मोजणीच्या वेळी बांधावर मात्र हाच फरक हातभर होतो आणि मग काठ्या निघतात. आमचे ५४ आर म्हणजे ५३.३७ गुंठे, साधारण एक एकर साडेतेरा गुंठे.

आता भाऊसाहेबांची रेघ. १९४७ साली आपल्याकडे तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायदा झाला. दर पिढीला वाटण्या होत होत शेताच्या चिंध्या होतात, बैल फिरवायलाही जागा उरत नाही, हे थांबवायचं हा त्याचा हेतू. तुकडेजोड म्हणजे एकत्रीकरण जिथे झालं तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तुमच्या सातबाऱ्यावर 'गट' लिहिलं असेल तर ती त्या योजनेचीच खूण. या कायद्यात 'प्रमाणभूत क्षेत्र' नावाची गोष्ट आहे. त्यापेक्षा लहान तो तुकडा. असा तुकडा नव्याने पाडता येत नाही, आणि आधीचा असेल तर तो सहसा लगतच्या खातेदारालाच देता येतो. हे प्रमाणभूत क्षेत्र पूर्वी तालुक्यागणिक वेगळं असायचं. २०२३ च्या ऑगस्टमधल्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत सरसकट जिरायतीला २० आर आणि बागायतीला १० आर झालं.

आमची जमीन सातबाऱ्यावर जिरायत. ५४ भागिले ३ बरोबर १८. वीसला दोन कमी.

दोन आर! आपल्या बॅडमिंटन कोर्टाचं क्षेत्रफळ जेमतेम ८२ चौरस मीटर असतं. प्रत्येकी अडीच कोर्टांएवढी जागा कमी पडल्याने आमचं घर अडलं होतं.

तात्या म्हणाले, "मग दोन भाग करा. सत्तावीस-सत्तावीस. आक्काला काय करायचीय जमीन?" हे वाक्य मी आमच्या गावात लहानपणापासून ऐकत आलोय, आणि खरं सांगतो, ऑटोकॅडमध्ये तीन पट्टे पाडताना माझ्याही मनात ते एकदा येऊन गेलं होतं. पण हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच सहदायक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं की हा हक्क तिला जन्माने मिळतो, २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. आणि जमीन आजोबांची स्वकष्टार्जित असती, मृत्युपत्र नसतं, तरी तिन्ही मुलांना सारखाच हिस्सा. दोन्ही वाटांनी आत्याचा एक तृतीयांश येतोच. तो जायचा असेल तर तिने स्वतः नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. तिच्याऐवजी आपण ठरवायचं नाही.

याच तिढ्यासाठी १९४७ च्या कायद्यात एक सोय आहे, आणि ती वाचून मी होस्टेलच्या खोलीत एकटाच हसलो होतो. न्यायालयाने किंवा जिल्हाधिकाऱ्याने वाटप करताना सगळ्यांना पुरेल एवढी जमीन नसेल, तर काहींना जमीन आणि बाकीच्यांना हिश्श्याचे पैसे. कुणाला काय, हे सहहिस्सेदारांनी आपसात ठरवायचं. नाहीच ठरलं तर चिठ्ठ्या टाकायच्या. हो, कायद्यातच लिहिलंय! आजोबांची जमीन आणि गॅदरिंगचा लकी ड्रॉ, एकच पद्धत. मी हे घरी सांगितलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. अण्णा म्हणाले, "चिठ्ठी तात्याच्या नावची निघाली तर मी काय करायचं?" तात्या त्याच वेळी उलट विचार करत असणार. त्या रात्री जेवताना ताटांचाच आवाज येत होता.

मग तात्यांनी डोकं लढवलं. "आपली विहीर आहे की! बागायत लावून घेऊ. बागायतीला दहाच आर लागतात." मुद्दा बिनतोड होता. विहीर आहे, पण दिवाळीनंतर तिचा तळ दिसतो. आणि सातबाऱ्यावर तिची नोंदच नव्हती. आजोबांनी विहीर पाडली, पाणी लागलं, पेढे वाटले, नोंद करायची राहिली. (आपापल्या घरी तपासा. सातबारा महाभूलेखवर मोबाईलवरसुद्धा बघता येतो. वरचा भाग म्हणजे नमुना सात, त्यात मालकी आणि क्षेत्र. खालचा नमुना बारा, त्यात पीक आणि पाण्याचं साधन. विहीर, बोअर, झाडं आहेत पण कागदावर नाहीत अशी घरं पुष्कळ निघतील.) भाऊसाहेब म्हणाले, आधी विहिरीची नोंद, मग पीक पाहणीत बागायती पीक दिसू द्या, मग पुढचं बोलू.

समजा, हे सगळं झालं. १८ हे १० पेक्षा मोठं, तुकडेबंदीचा अडसर गेला. तिघांच्या सहमतीने तहसीलदारांकडे महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करायचा. भूमी अभिलेखचा भूकरमापक येऊन पोटहिश्श्यांची मोजणी करतो, खुणा रोवतो, नकाशाची 'क' प्रत मिळते, आकारफोड होऊन शेतसारा वाटला जातो, फेरफार पडतो, नोटिसा निघतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. आपसात वाटणीपत्र करून ते नोंदवायचं असेल तर शेतजमिनीच्या वाटणीपत्राचं नोंदणी शुल्क २०२५ मध्ये माफ झालंय. तात्यांना वाटलं, संपलं. तीन सातबारे, तीन घरं.

इथेच खरी मेख आहे, आणि हा लेख लिहायचं कारणही तेच. जमीन तोडण्याचा नियम आणि जमिनीवर घर बांधण्याचा नियम हे दोन वेगळे कायदे आहेत, ते एकमेकांना विचारून चालत नाहीत.

आमचं गाव प्रादेशिक योजनेत आहे. तिथे शेती विभागात बांधकामाला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागते, डिसेंबर २०२० मध्ये आलेली. शेतघराबद्दल तिचं म्हणणं थोडक्यात असं: जमीन किमान ०.४ हेक्टर हवी. एका धारण क्षेत्रावर एकच शेतघर. शेती प्रत्यक्ष चालू हवी. चटई क्षेत्र निर्देशांक ०.०३७५, आणि काही झालं तरी एकूण बांधकाम ४०० चौरस मीटरच्या वर नाही. आधी महसूल अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मग बांधकामाची. त्या अधिनियमाच्या कलम ४१ मध्येही जोत्याच्या क्षेत्राची स्वतंत्र मर्यादा आहे. दोन आकड्यांतला जो लहान तो आपला, फॅक्टर ऑफ सेफ्टीसारखा.

किमान जागेचा गुणाकार करून बघा. ४००० चौरस मीटर गुणिले ०.०३७५ म्हणजे १५० चौरस मीटर. चांगलं ऐसपैस घर. आता आमच्या १८ आरांचा करा. तो करायचाच नाही! कारण १८ आर हे ०.४ हेक्टरच्या निम्म्याहूनही कमी. गुणाकारापर्यंत आपण पोहोचतच नाही.

म्हणजे एकत्र ५४ आर आहेत तोवर त्यावर एक घर होतं. तीन वाटण्या केल्या की तीन सोडा, एकही होत नाही. जिरायत धरून २७-२७ केले तरी तेच. वाटणी घेतली की घर जातं, घर घ्यायचं तर वाटणी थांबवावी लागते. माझ्या प्रिंटवरची ती तिन्ही टुमदार घरं एका रेघेनेच पुसली गेली होती, आणि ती रेघ मीच ओढली होती.

तात्यांनी विचारलं, "आधी परवानगी काढून घर बांधू, मग वाटणी करू. तर?" हे चातुर्य गावोगाव चालतं. माझं मत विचाराल तर ते अंगाशी येणारं आहे. परवानगी ज्या क्षेत्राच्या जोरावर मिळाली ते क्षेत्रच उद्या तोडलं, तर घर उभं राहील पण त्याच्या कागदाखालचा पाया निघालेला असेल. आणि बँक कर्ज देताना कागदाचाच पाया बघते.

मग वाट कोणती? उत्तर शेतात नव्हतंच, ते गावठाणात होतं. गावठाणाच्या आत घर बांधायला शेतजमिनीचे हे नियम लागत नाहीत, तिथे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे पंचायतीची परवानगी घ्यायची. शिवाय महसूल अधिनियमाचं कलम ४२-ड आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या पट्ट्यातली जमीन त्याखाली ठरलेला आकार भरून अकृषिक धरता येते. हे कळल्यावर तात्यांनी सायकलच्या चाकाला फडकं बांधून अंतर मोजलं. चाकाचा परीघ गुणिले फेऱ्या, चक्क ओडोमीटर! मला आमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचपेक्षा त्यांचीच पद्धत भरवशाची वाटली. आकडा आला १९०. पण त्यांनी मोजलं होतं गावातल्या शेवटच्या घरापासून, आणि शेवटची पाच-सहा घरं गावठाणाबाहेर पुढे सरकलेली. कायद्याचे २०० मीटर नकाशावरच्या गावठाणाच्या हद्दीपासून सुरू होतात. तिथून मोजलं तर आमचा बांध ३४० मीटरवर. हेही दार बंद.

राहिलं जुनं घर. त्याचा कागद काय, म्हणून शोधलं तर अण्णांनी अभिमानाने 'आठ' काढून दिला. इथे आणखी एक घोळ असतो तो सांगून ठेवतो. 'आठ-अ' हा तलाठ्याचा खातेउतारा, एका खातेदाराची गावातली सगळी शेतजमीन त्यात येते. नुसता 'नमुना आठ' हा ग्रामपंचायतीचा, घरपट्टी आकारण्यासाठीचा. घरपट्टी भरली म्हणून मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातल्या घराचा खरा कागद म्हणजे मिळकत पत्रिका. पुष्कळ गावांत ती कधी झालीच नव्हती. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, पुढे २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना आली आणि गावोगाव ड्रोन फिरला. आमच्याही गावात फिरला होता. पोरं त्याच्यामागे पळाली, मोठ्यांनी चुना टाकून हद्दी दाखवल्या, आणि मिळकत पत्रिका तयार झालेली कुणी आणायलाच गेलं नव्हतं! ती आणली. घर ३३ बाय २२ फूट निघालं, मागचा पडका गोठा धरून आणखी १४ फूट. तिथे मात्र माझ्या ऑटोकॅडला काम मिळालं.

इथे थोडं आपल्या कॅम्पसकडे येतो. आमच्या मेसच्या मामांनी २०१९ मध्ये शहराबाहेर दोन गुंठे घेतले, नोटरीच्या कागदावर. माझी ही शोधाशोध ऐकून त्यांनी ट्रंकेतून तो कागद काढून दाखवला. नोटरी केलेल्या कागदाने मालकी बदलत नाही, त्यासाठी मुद्रांक भरून नोंदवलेला दस्त लागतो. मामांना हे पाच वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. अशा तुकड्यांचे व्यवहार नियमित करायला २०१७ च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या २५ टक्के भरायला सांगितलं होतं, पुढे ते ५ टक्के झालं, आणि २०२५ च्या अध्यादेशाने शहरांच्या आणि विकास प्राधिकरणांच्या हद्दीतले, तसंच गावठाणालगतच्या भागातले १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे व्यवहार शुल्काविना नियमित करायची वाट केली. मामांचे दोन गुंठे त्यात बसतील असं दिसतंय. पण व्यवहार नियमित झाला म्हणजे घर बांधायची परवानगी मिळाली असं नव्हे, ती वेगळी. स्टाफपैकी कुणी 'हप्त्यावर प्लॉट' बघत असेल तर सहीच्या आधी दोनच कागद मागा: मंजूर रेखांकन आणि तुमच्या नावाने होऊ शकेल असा दस्त. दहा जणांच्या नावे अकरा गुंठ्यांचा एक सातबारा करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. दहा अनोळखी माणसांचं सामाईक क्षेत्र म्हणजे आमचंच घर, फक्त नाती वजा.

तुकडेबंदीला काही रास्त अपवादही आहेत. २०२४ च्या मार्चमध्ये नियम बदलले, तेव्हापासून विहिरीसाठी ५ आरपर्यंत, शेतरस्त्यासाठी, आणि सरकारी घरकुलाच्या लाभार्थ्याला १००० चौरस फुटांपर्यंत जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने घेता-देता येते. आमच्या उपयोगाचं यात काही नव्हतं, तुमच्या असू शकेल.

शेवटी आमच्या घरी बैठक बसली ती पौषात, आत्या आल्यावर. मी तिला सगळं समजावलं. अठरा आर, वीस आर, चाळीस आर. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला पट्टा नको बाबा. पण सातबाऱ्यावरचं माझं नाव काढू नका. आणि या घरात मला येऊन टेकायला एक खोली असू द्या. माहेर म्हणून यायचं तर पाहुणीसारखं ओट्यावर बसायचं का मी?" तात्यांनी मान खाली घातली. अण्णा उठून पाणी प्यायला गेले ते जरा वेळाने आले.

ठरलं ते असं. जमीन तोडायची नाही, तिघांची नावं सामाईकच राहतील, वारस नोंदीने ती लागलीच आहेत. पिकाचे तीन हिस्से, खर्चाचेही. शेतातलं एकमेव घर तात्यांचं, तिघांच्या संमतीपत्रावर, आणि त्याबदल्यात गावठाणातल्या घरावरचा त्यांचा हिस्सा कमी. गावठाणात जुन्या भिंती उतरवून खाली-वर असं अण्णा बांधणार, गोठ्याच्या जागेवर आत्याची खोली, तिचं दार वेगळं. हे सगळं साध्या कागदावर न ठेवता वकिलाकडून लिहून नोंदवायचं, यावर मी हटून बसलो. आजोबांची विहीर आठवून कुणी वाद घातला नाही.

या तडजोडीत एक भोक आहे, ते मला दिसतंय. एका क्षेत्रावर एकच शेतघर. माझा धाकटा भाऊ आणि तात्यांचा दुसरा मुलगा दोघंही दहा वर्षांनी घर मागतील, तेव्हा ५४ आर ५४च असतील. मी अण्णांना हे बोललो. ते म्हणाले, "तेव्हा तू काढ की नकाशा."

विहिरीची नोंद या महिन्यात झाली. शेतघराच्या अर्जाला हद्द कायम करून लागते म्हणून मोजणीची तारीख घेतलीय, ती नेमकी आमच्या ओरलच्या आठवड्यात आलीय. भूकरमापक येणार, लगतचे खातेदार बांधावर येणार, आत्यापण येणार आहे. सरांना अर्ज दिलाय, बॅच बदलून मागितलीय.